फ्री-फ्लोट हँडगार्डवर बायपॉड बसवताना

बायपॉड, म्हणजे रायफलीच्या पुढच्या भागाखालचा दोन पायांचा आधार, घट्ट बसलाय का, हे बहुतेक जण पाय धरून हलवून बघतात. त्यातून फारसं काही कळत नाही. रायफल दोन पायांवर उभी करून खांद्याने पुढे रेटली की मग दिसायला लागतं: कुठला स्क्रू भार घेतोय, कुठला नुसताच जागेवर बसलाय आणि हँडगार्ड (बॅरलभोवतीचं, हाताने धरायचं आवरण) किती वाकतंय. इथे टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या आसपास रेंजवर येणारी मराठी मंडळी आता बरीच भेटतात. बायपॉड घेताना महिनाभर चर्चा करतात आणि बसवताना दहा मिनिटंही देत नाहीत. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

माझा मेकॅनिकल डिप्लोमा कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत इन्स्पेक्शनला होते, इथेही तेच काम करते. त्यामुळे रायफल हातात आली की आधी तिचे जोड बघायची सवय आहे. माझ्याकडे .२२३ कॅलिबरची एआर-१५ रायफल आहे, १६ इंची बॅरल (नळी) आणि १५ इंची ॲल्युमिनियमचं एम-लॉक (सामान अडकवायला लांबट खाचा असलेलं) हँडगार्ड असलेली. खाली जे सांगतेय ते तिच्यावर आणि माझ्या दिराच्या रायफलीवर करून बघितलेलं आहे.

आधी एक कायद्याची गोष्ट, कारण ती आपल्या लोकांना लागू होते. बायपॉडला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात कसला परवाना लागत नाही. पण एच-१बी किंवा एफ-१ सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल, तर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच केंद्रीय कायद्याने मनाई आहे. कुठल्या तरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असणं हा तिला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. राज्यांचे नियम याहून वेगळे आणि कडक असू शकतात, ते आपापले बघून घ्या. मित्राची रायफल "जरा बायपॉड लावून देतो" म्हणून घरी आणली, तरी ती तुमच्या ताब्यातच असते.

फ्री-फ्लोट म्हणजे नेमकं काय मोकळं आहे

एआरच्या जुन्या पद्धतीच्या हँडगार्डला दोन प्लॅस्टिकचे अर्धे भाग असतात. मागे ते स्प्रिंगच्या रिंगमध्ये अडकतात आणि पुढे बॅरलवरच बसवलेल्या टोपीत. म्हणजे हँडगार्डवर टाकलेला भार सरळ बॅरलवर जातो. तिथे बायपॉड लावून रेटलं की बॅरल वर ढकललं जातं आणि गोळी वर लागते. किती वर, ते तुम्ही किती रेटलंत त्यावर ठरतं, आणि दरवेळी आपण सारखं रेटत नाही.

फ्री-फ्लोट हँडगार्ड फक्त मागच्या बाजूला, बॅरल नटवर (बॅरल रिसीव्हरला, म्हणजे रायफलीच्या मधल्या मुख्य भागाला, आवळणाऱ्या नटवर) धरलेलं असतं. तिथून पुढे बॅरलला काहीही शिवत नाही. गोळी सुटताना बॅरल थरथरतं. ती थरथर दरवेळी सारखी राहिली तर गोळ्या एका जागी पडतात. घंटेला बोट लावून टोल दिला तर नाद बदलतो, तसंच बॅरलला कुठे स्पर्श झाला तर ही थरथर बदलते. त्यामुळे बायपॉड बसवण्याचं सगळं काम दोन गोष्टींपाशी येतं: बॅरलला काही लागू द्यायचं नाही, आणि जमिनीपासून रिसीव्हरपर्यंतच्या जोडांच्या साखळीत एकही जोड ढिला राहू द्यायचा नाही. साखळी अशी: पाय, बायपॉडची मान, क्लॅम्प, रेलचा (क्लॅम्प धरायच्या खाचांच्या पट्टीचा) तुकडा, टी-नट (हँडगार्डच्या खाचेत आतून आडवा अडकणारा नट), हँडगार्ड, बॅरल नट, रिसीव्हर. क्लॅम्प आवळून लोक थांबतात. त्याच्यापुढे अजून चार जोड असतात.

रायफल नेमबाजी म्हटलं की आमच्या कोल्हापूरकरांना स्वप्नील कुसाळे आठवतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक आणलेला. त्या खेळात बायपॉड चालत नाही. प्रोन (पालथं पडून) आणि नीलिंगला (गुडघ्यावर बसून) हाताला आवळलेला पट्टा आणि कोपर, एवढाच आधार असतो. ती फार वेगळी साधना आहे, तिचा अभिमान आहेच. इथे मी बोलतेय ते बाकावरून किंवा जमिनीवर पालथं पडून, दोन पायांचा आधार घेऊन मारण्याबद्दल.

काय घ्यायचं

बायपॉड रायफलला तीन-चार प्रकारे जोडला जातो. केंटकीतल्या हॅरिसचे जुने, नावाजलेले बायपॉड पट्ट्याच्या स्टडला (रायफलीचा पट्टा अडकवायच्या खुंटीला) धरतात. बाकी बरेचसे पिकॅटिनी रेलला धरतात. काही थेट एम-लॉकच्या खाचेत बसतात. आणि अलीकडे कॅमेऱ्याच्या तिवईवरून आलेली आर्का पट्टी आहे, जिच्यावर क्लॅम्प मागेपुढे सरकवता येतो.

स्टडचा बायपॉड फ्री-फ्लोट हँडगार्डवर लावायचा तर एम-लॉकचा स्टड-ॲडॅप्टर मिळतो. चालतो, पण तो बहुधा आखूड असतो आणि सगळा पीळ त्या छोट्या तुकड्यावर येतो. माझी पसंती पिकॅटिनी रेलच्या लांब तुकड्याला, तोही ॲल्युमिनियमचा आणि शक्यतो तीन टी-नटवाला. प्लॅस्टिकचा तुकडा टॉर्चला ठीक आहे, बायपॉडला नको. पिकॅटिनीचं माप ठरलेलं आहे. अमेरिकन लष्कराचं हे प्रमाण १९९५ चं, खाचेची रुंदी ५.२३ मिलिमीटर आणि दोन खाचांच्या मध्यांत १०.०१ मिलिमीटर. त्यामुळे एका कंपनीची रेल आणि दुसऱ्या कंपनीचा बायपॉड सहसा जुळतात.

तुमच्या हँडगार्डला लांबट खाचांऐवजी किल्लीच्या भोकासारखी भोकं असतील तर ते की-मॉड. त्याला की-मॉडचीच रेल लागते, एम-लॉकची बसत नाही. अमेरिकन नौदलाच्या इंडियानातल्या क्रेन इथल्या केंद्राने या पद्धतींची तुलना केली, तिचे निकाल २०१७ मध्ये बाहेर आले. सामान काढून परत बसवल्यावर ते पहिल्या जागी येतं का, यात एम-लॉक सरस ठरलं. नवीन घेत असाल तर एम-लॉकच घ्या.

उंची ६ ते ९ इंचांची बाकासाठी आणि पालथं पडून मारण्यासाठी पुरते. एआरचं ३० गोळ्यांचं मॅगझिन खाली बरंच लोंबतं. सगळ्यात आखूड पायांवर ते जमिनीला टेकणार का, ते आधी मोजा. आणि बायपॉड डावीउजवीकडे कलणारा घ्या. जमीन कधीच सपाट नसते, आणि न कलणारा बायपॉड असला की सरळ धरण्यासाठी पाय पुन्हा पुन्हा लांब-आखूड करत बसावं लागतं.

बसवण्याआधी

मॅगझिन काढा. बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) मागे ओढून अडकवा. चेंबरमध्ये डोळ्याने बघा, मग करंगळी घालून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मी हे बोल्ट मागे ठेवूनच करते, म्हणजे कामाच्या मध्ये कुणी खोलीत आलं तरी त्यालाही रायफल रिकामी दिसते. नळीचं तोंड कायम रिकाम्या भिंतीकडे. नळीच्या टोकाशी वाकून मोजमापं घ्यायची आहेत, म्हणून या पायरीत घाई नको.

आता बायपॉड बाजूला ठेवा आणि आधी हँडगार्ड तपासा. रिसीव्हरची वरची रेल आणि हँडगार्डची वरची रेल जिथे मिळते, तिथे एक पोलादी पट्टी आडवी ठेवून बघा. दोन्ही एका पातळीत हवेत. मग एका हाताने रिसीव्हर धरून दुसऱ्या हाताने हँडगार्ड पिळा. त्या जोडरेषेवर नजर ठेवा. तिथे बारीकशीही हालचाल दिसली, तर बायपॉड नंतर. आधी हँडगार्डचे बॅरल नटवर आवळणारे स्क्रू त्याच्या कागदावर दिलेल्या टॉर्कवर (कसण्याच्या मोजलेल्या जोरावर) आवळून घ्या.

दिराचं नेमकं हेच होतं. "वहिनी, नवीन बायपॉड डुगडुगतोय, परत करू का?" म्हणून तो रायफल घेऊन आला. बायपॉड उत्तम होता. मी जोडरेषेवर बोटाचं नख ठेवलं आणि त्याला पाय धरून पिळायला सांगितलं. नखाखाली पायरी तयार होत होती, जात होती, परत होत होती. हँडगार्डच नटवर हलत होतं. दोन स्क्रू काढले, आटे स्पिरिटने पुसले, निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावून टॉर्कने कसले. दुसऱ्या दिवशी तोच बायपॉड दगडासारखा. त्यानंतर तो कुणाचीही रायफल हातात घेतली की आधी ती जोडरेषा बघतो, याचं मला फार बरं वाटतं.

रेल कुठे आणि कशी

जितकी पुढे तितकं बरं, हा साधा नियम. आधार पुढे गेला की मागे दस्ता थोडा हलला तरी नळीचं तोंड कमी हलतं. पण दोन गोष्टी आडव्या येतात. पालथं पडल्यावर, दस्ता खांद्याला असतानाच, पायांच्या बटणांपर्यंत हात पोचला पाहिजे. माझा हात १५ इंची हँडगार्डच्या अगदी टोकापर्यंत आरामात जात नाही, म्हणून माझी रेल टोकापासून एक खाच मागे आहे. दुसरं, अगदी टोकाला भार दिला की हँडगार्ड जास्त वाकतं. पातळ भिंतीच्या, हलक्या हँडगार्डला हे जाणवतं.

जागा ठरली की टॉर्च घेऊन खाचेतून आत बघा. वर गॅस ब्लॉक (बॅरलवर बसवलेला, गोळीमागचा वायू मागे वळवणारा ठोकळा) कुठे आहे? टी-नट आणि स्क्रूचं टोक आत येतं. नेमकं गॅस ब्लॉकखाली आलं आणि हँडगार्ड निमुळतं असलं, तर ते त्याला टेकू शकतं. टेकलं की फ्री-फ्लोट संपलं. एक खाच पुढे-मागे घ्या, किंवा रेलसोबत आलेला मूळ स्क्रूच वापरा. घरात सापडला म्हणून लांब स्क्रू लावू नका.

टी-नट बसवण्यात एक खुबी आहे. स्क्रू पूर्ण काढायचे नाहीत, नुसते ढिले करायचे, इतके की नट खाचेतून आत जाईल. सगळे नट रेलच्या लांबीच्या रेषेत वळवून घ्या. रेल खाचेत बसवा, हाताने जागेवर धरा आणि ॲलन की घड्याळाच्या दिशेने फिरवा. पहिल्या पाव फेऱ्यात नट आत ९० अंशांत वळून खाचेला आडवा होतो आणि अडतो, मग कसायला लागतो. एखादा नट वळला नाही तर जोर करू नका. की थोडी उलटी फिरवा, रेल किंचित बाहेर ओढून धरा, परत फिरवा. सगळे स्क्रू हाताने आले की टॉर्चने आत बघून खात्री करा: प्रत्येक नट खाचेला आडवा दिसला पाहिजे. तिरपा अडकलेला नट बाहेरून घट्टच वाटतो. इन्स्पेक्शनमध्ये इतकी वर्षं काढून माझं ठाम मत झालंय की जे आत डोकावून बघता येतं ते बघितल्याशिवाय पास करायचं नाही.

मग टॉर्क. माझ्या रेलच्या कागदावर ३५ इंच-पाउंड लिहिलंय, म्हणजे जवळजवळ ४ न्यूटन-मीटर. तुमच्या कागदावर जे असेल ते धरा. हे फार थोडं आहे, मनगटाच्या जोराने सहज ओलांडलं जातं. म्हणून लहान मापाचा टॉर्क ड्रायव्हर घ्याच. गाडीच्या चाकाचा टॉर्क पाना इथे निरुपयोगी, त्याची सुरुवातच याच्या वर होते. स्क्रूवर आधीच रंगीत लॉकिंगचा थर असेल तर वेगळं लॉकटाइट नको. नसेल तर निळं, एक थेंब. लाल लावू नका, पुढे काढताना स्क्रूचं डोकं झिजतं. एक स्क्रू पूर्ण कसून मग दुसरा, असंही करू नका. आळीपाळीने थोडं थोडं.

बायपॉड चढवणं

हॅरिससारख्या, पाय दुमडणाऱ्या बायपॉडचे पाय पुढे, नळीच्या तोंडाकडे दुमडले पाहिजेत. कारण सरळ आहे. तुम्ही रायफल पुढे रेटता, जमीन पायांना मागे ढकलते. पुढे दुमडणारे पाय तेव्हा आपल्या अडसरावर जाऊन टेकतात. उलटे लावलेत तर तोच जोर त्यांना मिटवायला बघतो आणि धरून ठेवायला फक्त स्प्रिंग उरते.

क्लॅम्पचा आडवा बोल्ट किंवा दात पिकॅटिनीच्या खाचेत बसतो आणि खाचेत थोडी सैल जागा असते. कसण्याआधी क्लॅम्प मागे सरकवून खाचेच्या मागच्या भिंतीला टेकवा. भार दिल्यावर तो तिकडेच जाणार आहे, आधीच गेलेला बरा. खटक्याचा क्लॅम्प असेल तर त्याचा ताण नीट लावून घ्या: खटका बंद करताना अंगठ्याला ठणठणीत विरोध जाणवला पाहिजे. एका बोटाने अलगद बंद होत असेल तर ढिला आहे.

सगळं झालं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूवर पांढऱ्या पेंट मार्करने एक बारीक रेघ ओढा. स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते. कारखान्यात आम्ही हेच करतो आणि याहून स्वस्त तपासणी मला माहीत नाही.

भार देऊन तपासणं

घरी, रिकामी रायफल, बोल्ट मागेच. जमिनीवर चटई टाका. रायफल बायपॉडवर उभी करा, दस्त्याखाली वाळूची पिशवी. हँडगार्डच्या पुढच्या टोकाशी, खालच्या बाजूला, बॅरल आणि हँडगार्ड यांच्यातली फट फीलर गेजने किंवा व्हर्नियरने मोजून ठेवा. आता कुणाला तरी दस्ता खांद्याला लावून, नेहमी रेटतात तसं पुढे रेटायला सांगा, बोटं चापापासून दूर. परत तीच फट मोजा. ती थोडी कमी होईलच, ॲल्युमिनियम असलं तरी वाकतं. फट उरली पाहिजे, आणि चांगली उरली पाहिजे. मोजायची साधनं नसतील तर जाड कागदाची पट्टी फटीत घालून रेटलेल्या अवस्थेत ओढा. कुठेही अडकता कामा नये. अडकली तर रेल एक-दोन खाचा मागे घ्या आणि पुन्हा बघा.

हँडगार्ड वाकतं यातून दुसरीही गोष्ट निघते. लेझर किंवा घडीची पुढची साइट हँडगार्डवर लावलेली असेल, तर बायपॉडवर भार दिला की तिचा नेम सरकतो. दुर्बीण रिसीव्हरवर असते, तिला हा त्रास नाही. मात्र दुर्बिणीचा माउंट अर्धा रिसीव्हरवर आणि अर्धा हँडगार्डवर कधीही बसवू नका.

रेंजवर

१०० यार्डांवर एकाच कागदावर दोन ठिकाणी मारा. एका ठिकाणी पुढे वाळूच्या पिशवीवरून पाच गोळ्या, दुसऱ्या ठिकाणी बायपॉडवरून पाच. मध्ये बॅरल निवू द्या. नेमाच्या बिंदूपासून दोन्ही ग्रुपचे (गोळ्यांच्या घोळक्यांचे) मध्य किती दूर आहेत ते मोजा. १०० यार्डांवर १ एमओए (कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग) म्हणजे सुमारे १.०५ इंच. थोडा फरक पडू शकतो, कारण बायपॉडवर रायफल वेगळी उसळते. पुढे बायपॉडच वापरणार असाल तर झीरो (दुर्बिणीचा नेम गोळीशी जुळवणं) बायपॉडवरूनच करा.

इथल्या बऱ्याच रेंजवर बाक सिमेंटचे. रबरी पाय त्यावर उड्या मारतात आणि रेटायला काही पकड मिळत नाही. गालिच्याचा किंवा जुन्या योगा मॅटचा तुकडा पायांखाली टाका. रेटायचं किती? पायांमधली सैल जागा निघून जाईल इतकंच, आणि दर गोळीला तेवढंच. ताकद लावून रेटलं की तुम्ही स्वतःच थरथरता.

कागद बघून बरंच ओळखता येतं. गोळ्या उभ्या ओळीत पडल्या तर आधी भार कमी-जास्त होतोय का बघा. आडव्या पसरल्या तर रायफल कलतेय किंवा एक पाय घसरतोय. एका जागी पडत असताना अचानक सगळा ग्रुपच सरकला, तर मारणं थांबवा, रायफल रिकामी करा आणि पांढऱ्या रेघा बघा.

पहिल्या दिवशी घरी आल्यावर सगळे स्क्रू त्याच टॉर्कवर परत तपासा. नवीन जोड पहिल्या धक्क्यांत थोडा बसतो आणि ढिला होतो. पहिल्या तपासणीत एखादा स्क्रू किंचित फिरला तर काळजी करू नका. तोच स्क्रू पुन्हा पुन्हा फिरत असेल, तर तो आणि त्याचा टी-नट दोन्ही बदला. टी-नटचे आटे एकदा ओढले गेले की कितीही लॉकटाइट लावलं तरी ते धरत नाहीत, आणि नवीन नट काही डॉलरला मिळतो.